नखांवरचा रंग

सोलापूर, बाळीवेस
१२ जून २०२४

सुकन्या,

अव्वा गेल्यावर तू आलीस ती नखं रंगवून आलीस. का, हे मी तिथंच विचारणार होते. जगदेवी मावशीनं तर चार बायकांत बोलूनच दाखवलं, "आई गेल्याचा निरोप आला आन् हिनं आधी नखं रंगवली. लई सुधारली की लातूरला जाऊन." मला राग आला. मावशीचा नाही, तुझा. अव्वाला दारात बसवलेलं, तिच्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलेलं, स्वामी मंत्र म्हणतायत, आणि तू बेल वाहायला हात पुढे केलास तर सगळ्यांचे डोळे तुझ्या लालभडक बोटांवर. ही मेली अगदीच कोडगी झाली, असं म्हटलं मी मनात.

मग तिसऱ्या दिवसाची सकाळ. मी पूजेला बसले. गळ्यातल्या करडगीची डबी उघडून लिंग काढलं, डावा हात पुढे धरला, आणि धरल्यावर आठवलं की आता खाली हात धरायला कुणी नाही. तुला हे ठाऊक नसणार. तू घरात होतीस तोवर माझा तळहात सरळ व्हायचा. आता बोटं आत वळलीत, तळव्याची कातडी भेगाळते, लिंग ठेवलं की कलतं. एकदा पडलं होतं. त्या दिवशी अव्वा दिवसभर जेवली नाही, आणि मला मात्र ओरडून जेवायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज समोर बसायची आणि माझ्या हाताखाली आपला हात धरायची. तिची स्वतःची पूजा त्यानंतर. गुडघे कुरकुरायचे, तरी कधी चुकवलं नाही तिनं.

मी लिंग परत करडगीत ठेवणार, तेवढ्यात तू आलीस. केस ओलेच. समोर बसलीस आणि हात धरलास. अव्वाची ही रीत तुला कुणी सांगितली, देव जाणे. बहुतेक आपल्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या चंद्रव्वानं. इतक्या वर्षांत आपण एकमेकींशी बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. मी पाणी घातलं, विभूती लावली, बेल ठेवला. लिंगाकडे बघायचं सोडून मी तुझ्या अंगठ्याकडे बघत बसले, शिव मला क्षमा करो. रंगाचा टवका उडाला होता. त्याखाली नखाला बारीक बारीक खड्डे होते, शिंपी बोटात टोपण घालतो ना, त्यावर असतात तसे.

ते खड्डे मी ओळखते गं. माझं तिथूनच सुरू झालं.

मग मी तुला बघतच राहिले. सकाळी जिना उतरताना तू कठडा धरून, एकेक पायरी आडवी उतरत होतीस. उजव्या पायाचं दुसरं बोट सुजलेलं, म्हणून चपलेचा पट्टा उघडाच. कानामागं केसांत पांढरा पापुद्रा, ज्याला तू कोंडा म्हणत असशील. मीही म्हणायचे. टाचा दुखतात त्या शाळेत उभं राहून दुखतात, असंही तू स्वतःला समजावलं असशील. सुकू, तुला माझा आजार झालाय. सोरायसिस कातडीवर दिसतो, पण काही जणांच्या तो सांध्यांतही शिरतो. आपल्या घरात तो आहे. अव्वाच्या वडिलांचीही बोटं अशीच होती म्हणे, त्याला तेव्हा वात म्हणून सोडून दिलं.

माझी बोटं गेली ती गेली. तुझी अजून आहेत. एवढंच सांगायला हे पत्र. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर तुझ्या सासूबाई फोडतील, फोन केला तर शेजारी बसून ऐकतील, म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. अक्षराला हसू नकोस. पेनाला अव्वाच्या लुगड्याची चिंधी गुंडाळलीय, म्हणजे जाड होतं आणि धरता येतं.

दाक्षायणी


सोलापूर
२६ जून २०२४

सुकन्या,

फोनवर तुझा संदेश मिळाला. "मला काही झालेलं नाही. शाळेत पत्र पाठवू नकोस." वाचून असं वाटलं की लातूरला यावं आणि तुझ्या वर्गासमोर तुझा कान पिरगाळावा. काही झालेलं नाही तर नखं दाखव की. रंग पुसून फोटो पाठव. नाही पाठवणार तू.

तू का घाबरतेस ते मला कळतं. तुझं लग्न ठरताना मला माडीवर बसवलं होतं. पाहुण्यांना सांगितलं, थोरली पुण्याला असते. मी वर बसून तुमच्या कपबश्यांचा आवाज ऐकत होते. त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. तुझं चांगलं व्हावं म्हणून मीच अव्वाला म्हटलं होतं की मी खाली येत नाही.

वाईट वाटलं ते तुझ्या डोहाळजेवणाला. मी हौसेनं आले. नवं इरकल नेसून, हातात नारळ घेऊन तुझी ओटी भरायला पुढे झाले. तुझ्या सासूबाईंनी माझे हात बघितले आणि तुझ्याकडे बघितलं. आणि तू म्हणालीस, "अक्का, तू राहू दे." त्या म्हणाल्या असत्या तर मी विसरले असते. तू म्हणालीस. नारळ कुठं ठेवावा ते मला कळेना. शेवटी तो पिशवीत घालून परत सोलापूरला आणला. पायल जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली, मी तिला फोटोतच बघितलं. त्याचा राग आजही आहे. तो घालवायला मी हे लिहीत नाहीय. राग राहू दे, पण तू डॉक्टरकडे चल.

माझं काय काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. भाकरीचं काम माझ्या हातचं होतं. अव्वा म्हणायची, दाक्षीची कडक भाकरी पापडासारखी वाजते. मग तळव्यांवर खपल्या आल्या. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलायची नाहीत, फक्त विचारायची, "आज कुणी थापल्या?" अव्वानं मला आत बसवलं. वांगं बंद, दही बंद, शेंगदाणा बंद. सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद! अक्कलकोटकडच्या एका माणसानं पुड्या दिल्या. महिन्यात कातडी लख्ख झाली, बोटं हलायला लागली, अव्वानं त्याला शाल दिली. वर्षानं तोंड सुजलं, साखर वाढली, आणि पुडी बंद केली तशी पहिल्यापेक्षा दुप्पट उसळली. त्यात स्टेरॉइड घातलं होतं, हे वैजयंती मॅडमनी नंतर सांगितलं. त्या सांध्यांच्या डॉक्टर. मी त्यांच्याकडे पोचले तेव्हा बोटांचे सांधे आपसात चिकटून गेले होते. एक्स-रेचे फोटो त्यांनी एकेक करून बघितले. मग म्हणाल्या, "दाक्षायणीताई, थोडं आधी यायला हवं होतं."

हे वाक्य तुला कुणी म्हणू नये. तेरा जुलैची, शनिवारची वेळ मी घेऊन ठेवलीय. शाळेचं काही प्रशिक्षण आहे असं घरी सांग. खोटं बोलण्यात आपलं घर तरबेज आहेच.

दाक्षायणी


सोलापूर
१६ जुलै २०२४

सुकू,

आलीस! एसटी स्टँडवर तू उतरताना दिसलीस तेव्हा मी "किती उशीर" असं खेकसले. मनावर घेऊ नकोस.

तू गेल्यावर चंद्रव्वा मला म्हणते, "तायी लई वाळली की वो अक्का. पर तुमास्नी हसताना बगितलं, अव्वा गेल्यापासनं पयल्यांदा." तिच्या हातच्या गरम भाकऱ्या तू खाल्ल्यास, चटणी दोनदा मागून घेतलीस, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं आलं म्हणालीस. मीही तसंच मानलं.

डॉक्टरकडे तू रंग पुसत होतीस तेव्हा मी मुद्दाम खिडकीकडे बघत होते. दहाच्या दहा नखं तशी निघतील असं वाटलं नव्हतं. मॅडमनी तुझी बोटं एकेक करून दाबली आणि तू कुठं कुठं ओठ चावलास ते मी मोजत नव्हते, पण कळत होतं. त्या जे म्हणाल्या ते परत लिहिते, कारण तू तेव्हा ऐकत नव्हतीस, रडू आवरत होतीस. हा आजार मुळापासून जात नाही, पण दबून राहतो. तुझे सांधे सुजलेत, अजून गेलेले नाहीत. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, पोटभर जेवून. रोज घ्यायची नाही, चुकूनही आठवड्यात दोनदा नाही, ते जिवावर बेततं. वार एक ठरवायचा तो ठरवायचा. मध्ये मध्ये रक्त तपासायचं. गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. त्यावर तू म्हणालीस, एक पायल आहे, पुरे. आणि हा शिवल्यानं कुणाला होत नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, तुझ्याकडे बघून एकदा आणि माझ्याकडे बघून एकदा.

वार कुठला ठेवायचा म्हणून तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "सोमवार ठेव. सिद्धेश्वराचा वार, विसरणार नाहीस." माझाही सोमवारच आहे. सोमवारी दुपारी जेवून मी गोळी घेईन तेव्हा तूही शाळेत डबा खाऊन घेत असशील, एवढ्या विचारानंही मला बरं वाटतंय. गोळ्या शाळेच्या कपाटात ठेवते म्हणालीस ते चांगलं. पण सोमशेखररावांना कधीतरी सांगावं लागेल गं. नवऱ्यापासून हात किती दिवस लपवशील?

काल पूजेला मी तांब्या पालथा घालून त्यावर हात टेकला. जमतं तसं. तांब्या गार लागतो, एवढंच.

अक्का


सोलापूर
२८ ऑगस्ट २०२४

सुकू,

जगदेवी मावशी येऊन गेली. तुझ्या सासूबाईंची कुठल्याशा लग्नात गाठ पडली म्हणे. बातमी अशी की सोमशेखररावांची बढती अडलीय, म्हणून श्रावणातल्या पहिल्या सोमवारापासून तुला सोळा सोमवार धरायला लावलेत. व्रत त्यांच्या लेकाच्या बढतीचं आणि उपास सुनेला! मला हसूच आलं. लहानपणी शिवरात्रीला अव्वानं ठेवलेले खजूर देव्हाऱ्यामागं बसून खाणारी तू, आता दिवसभर तोंडात पाणी घेऊन बसत असशील. कर बाई. शंकराला आपल्या घरचं तोंड ओळखीचं आहे, काहीतरी ऐकेल.

तुझा संदेश तेवढा येतो, "बरी आहे." बरी म्हणजे काय ते लिहीत जा की. सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात, टाच टेकते का, हे मला सांगायला तुझं काय जातं? मी तर रोज सांगते चंद्रव्वाला, ती कंटाळली. माझं म्हणशील तर खपल्या जरा कमी आहेत, कोपरावरची जागा गुलाबी पडलीय. काल मी एक भाकरी थापून बघितली. नकाशासारखी झाली. चंद्रव्वा म्हणाली, "ह्यात कर्नाटकबी आला की," आणि आम्ही दोघींनी ती खाऊन टाकली.

सोमवारची गोळी चुकवू नकोस.

अक्का


सोलापूर
१० नोव्हेंबर २०२४

सुकू,

तू लातूरला पोचलीस का? अव्वाच्या माघारी पहिली दिवाळी, म्हणून तुला पाठवलं त्यांनी, पायलला मात्र ठेवून घेतलं. "तिकडं नको" सासूबाई म्हणाल्या ना? तू सांगितलं नाहीस तरी मला कळलं. मी तिच्यासाठी घेतलेलं परकर पोलकं परत कपाटात ठेवलंय.

तू समोर होतीस तेव्हा मी बोलू शकले नाही, आता लिहिते. दारात तू पिशवी माझ्याकडे दिलीस आणि उजव्या हाताचं मधलं बोट मला दिसलं. तुझ्या इतर बोटांपेक्षा ते दुप्पट जाड आणि मधल्या सांध्यात वाकलेलं. ते माझं बोट होतं गं. माझं बोट तुझ्या हाताला लागलेलं मी बघितलं. मी तुला आत ये म्हणायचंही विसरले.

मग तुला वैजयंती मॅडमकडे नेलं. त्यांनी विचारलं, गोळ्या नीट घेता ना, तर तू खाली बघितलंस. मग त्यांनी पाकीट मागितलं. जुलैत फोडलेलं पाकीट, श्रावण लागल्यापासून त्याला हात लागला नव्हता. मी तिथंच तुझ्यावर ओरडले. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. तू एवढंच म्हणालीस, "सोमवारी उपास असतो, अक्का. उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणाले होते."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा खुर्चीचा हात धरला.

संध्याकाळी उपास सोडताना चुरम्याचा घास घेतल्यावर घ्यायची होतीस, मी म्हटलं. तर तेव्हा सासूबाई समोर बसलेल्या असतात, आणि गोळ्या शाळेत. मग मंगळवारी घ्यायचीस. तर म्हणालीस, "वार बदलायचा नाही, आठवड्यात दोनदा झाली तर जिवावर बेततं, असं तूच पत्रात लिहिलं होतंस. मला भीती वाटली." फोन करून विचारायचं होतंस, मला नाही तर मॅडमना. घरात फोनवर बोलायची चोरी, आणि शाळेत सगळ्या बाया आजूबाजूला. प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे उत्तर होतं आणि एकही उत्तर खोटं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "अहो, वार बदलता येतो. विचारून बदलता येतो." त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, हा सांधा आधीपासूनच झिजत होता, पण हे महिने हातचे गेले. हे बोट आता सरळ होणार नाही. बाकीची आपण वाचवू.

रिक्षात मी तुला विचारलं, नवऱ्याच्या बढतीसाठी बोट घालवलंस का गं? तू बाहेर बघत म्हणालीस, "बढतीचं मागणं सासूबाईंचं होतं. मी तर दर सोमवारी हातच मागत होते. माझे आणि तुझे."

सुकू, हे ऐकल्यापासून मला घास गिळवत नाही. सोमवार मी सांगितला. गुरुवार म्हटलं असतं, शनिवार म्हटलं असतं, कुठलाही वार चालला असता. लिंगायताची पोर सोमवारी उपाशी असते हे मला कळायला नको? श्रावणात माझा स्वतःचा सोमवारचा उपास मी आजारी म्हणून सोडलाय, म्हणून ते डोक्यातच आलं नाही. आणि मावशीनं सोळा सोमवारांचं सांगितलं तेव्हा मी हसत बसले. हसतच पत्र लिहिलं. तुला गोळी चुकवू नकोस म्हणून बजावलं आणि उपास कर म्हणूनही. माडीवर बसले तेव्हा रडले नाही, नारळ परत आणला तेव्हा रडले नाही. काल भाकऱ्या उन्हात मांडताना रडले. चंद्रव्वा म्हणाली, "अक्का, पाटीत पानी नका सांडू, भाकऱ्या मऊ पडतील." मग तीही रडली.

आता गुरुवार ठरलाय. मीही माझा गुरुवार करून घेतला, मॅडमना विचारून. दोन सोमवार आणि उद्यापन राहिलंय तेवढं पार पाड, त्यावर मी काही बोलणार नाही. पण गुरुवारी जेव आणि गोळी घे. घेतलीस की मला नुसता एक अंगठा पाठव फोनवर. शब्द नकोत, कुणी वाचायला नको. मी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसेन.

तुझी
अक्का


लातूर
२७ नोव्हेंबर २०२४

अक्का,

तुझ्या सगळ्या पत्रांना मिळून हे एकच उत्तर. मीही पेनाला चिंधी बांधलीय, तरी तीन ओळींनंतर थांबावं लागतं.

परवा उद्यापन झालं. सासूबाई म्हणाल्या, पूजेला नखांवर रंग नको. मी पुसला. दुसरं काय करणार. चुरम्याचे लाडू वळायला मला पुढं बसवलं, भोवती त्यांनी बोलावलेल्या सोळा बायका. माझी मूठ मिटेना. लाडू वळायला घेतला की फुटायचा. सगळ्या आधी हसत होत्या, मग एकीनं नखांकडे बघितलं आणि हसायची थांबली. मग सगळ्याच थांबल्या. सासूबाईंनी परात माझ्यासमोरून ओढून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "सुकन्या, तू राहू दे."

मी उठून मोरीत गेले, हात धुतले. हातांना तूप होतं, ते निघेना. मला तू दिसलीस, इरकल नेसलेली, हातात नारळ. त्या दिवशी तू कुठं जाऊन बसलीस, कधी निघालीस, कुणी तुला पाणी तरी विचारलं का, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. मी आत साड्या बघत होते, अक्का. मला सगळं आठवतंय.

मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले आणि सांगून टाकलं. हे सोरायसिस आहे, सांध्यांतही आहे, शिवल्यानं होत नाही, औषध चालू आहे. माझ्या अक्कालाही आहे. माझं लग्न ठरावं म्हणून ती माडीवर लपून बसली होती. सगळं बोलले.  बायका प्रसाद घेऊन गेल्या, दोघींनी घेतला नाही. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.  सोमशेखरांनी काल जेवताना एवढंच विचारलं, गोळी कधी असते? म्हटलं, उद्याचा दिवस सोडून. म्हणजे परवा, गुरुवारी. त्यांनी मान हलवली. चांगलं की वाईट, मला कळलं नाही.

आज शाळेत नखं न रंगवता गेले. पोरांनी विचारलं, बाई, रंग कुठं गेला? म्हटलं, संपला.

रविवारी येते. पायलला घेऊन येते, कुणाला न विचारता. तिला सांगितलंय, तुला एक मावशी आहे. ती विचारते, इतके दिवस कुठं होती? मी काय सांगू ते तूच सांग. ते परकर पोलकं काढून ठेव, आखूड झालं तरी घालेन तिला.

इतके दिवस काढून ठेवलेली माझी करडगी मी परत गळ्यात घातलीय. काल सकाळी लिंग हातावर घेतलं तर ते कललं. वाकलेलं बोट मध्ये येतं. इथं हात धरायला कुणी नाही, आणि तांब्या गार लागतो म्हणालीस ते खरं आहे. सोमवारी सकाळी पूजेला माझ्यासमोर बस आणि माझ्या हाताखाली तुझा हात धर. तो कसाही असू दे.

सुकन्या